पलटणीनं फेडलेली इर्जिक

माघ सरत आला की सकाळच्या वाऱ्याला ज्वारीच्या वाळल्या पानांचा वास येतो. शहरात राहून माझं नाक बरंच बिघडलं आहे, पण हा वास त्याला अजून कळतो. परवा नातसुनेनं मला गाडीत घालून नगरच्या रस्त्याला हुरडा खायला नेलं. फाटकावर रंगीत पाटी, आत खाटा, खाटांवर गाद्या, आणि टोपी घातलेला एक मुलगा ताटलीत हुरडा आणून देत होता. हुरडा बरा होता. शेंगदाण्याची चटणी मात्र गोड होती. ते मी बोलून दाखवलं, कारण या वयात आपण गप्प बसलो की लोकांना वाटतं तब्येत बिघडली.

कुंपणापलीकडं खरं रान होतं. तिथली ज्वारी लवकरची, पिकून पांढरी झालेली, आणि तिच्यात एक लालभडक यंत्र फिरत होतं. वर एकच माणूस, कानात गाणी अडकवलेला. आमचा चहा होईपर्यंत त्यानं एक तुकडा मोकळा केला. मला काही वाईट वाटलं नाही. ज्वारी उपटून ज्यांच्या तळहाताची सालटी निघाली आहेत त्यांना यंत्र आल्याचं दुःख होत नसतं. मी नातसुनेला म्हटलं, "आमच्या रानातली ज्वारी एका साली पलटणीनं उपटली होती. इंग्रजाच्या पलटणीनं." ती म्हणाली, "आजी, काहीतरीच!" आणि फोटो काढायला गेली. तिला सांगायचं राहिलं ते इथं सांगते.

आमच्याकडं तिला महायुद्ध कुणी म्हणत नसे. ती नुसती लढाई. आधी कधी लढाई झालीच नव्हती अशा थाटात सगळे म्हणायचे, "लढाई हाय, रॉकेल मिळायचं न्हाई," "लढाई हाय, पोरीचं लगीन फुडं ढकला." ती सुरू झाली तेव्हा कुणाची कुणाशी हेही गावाला धड ठाऊक नव्हतं. शाळामास्तरांकडं शिळा पेपर यायचा. तो ते पारावर मोठ्यानं वाचायचे. जर्मनीनं शेजारच्या मुलखावर चाल केली, मग त्यात इंग्रज पडला, आणि इंग्रज पडला म्हणून हिंदुस्थानही पडला. "आपल्याला इचारलं हुतं का?" म्हणून एकजण विचारायचा. मास्तर चष्मा सारखा करून "नाही" म्हणायचे आणि पुढची बातमी वाचायचे.

आता यात एक गोम होती. आमच्या भागात अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मल म्हणतात. जर्मलचं पातेलं, जर्मलची तपेली. तेव्हा ती भांडी नवीनच निघाली होती, वजनाला हलकी, दिसायला चकचकीत, आणि ज्या घरात ती असत त्या घरातल्या बाईची मान जरा ताठ असे. माझ्या आईकडं एक भलंमोठं पातेलं होतं. एक दिवस चावडीपुढं सरकारी माणूस भाषण द्यायला आला. जर्मन हा सरकारचा दुश्मन आहे, घराघरातून त्याचा बीमोड झाला पाहिजे, असं तो हात उडवून सांगत होता. बायका लांब भिंतीच्या आडोशाला उभ्या. त्यांच्या कानावर पडलं ते एवढंच, की सरकारचं जर्मलशी वाकडं आलंय आणि आता घरोघर झडती होणार.

दिवस मावळायच्या आत गावातली सगळी जर्मलची भांडी गडप झाली. कुणी गोवऱ्यांच्या ढिगात घातली, कुणी भुसाऱ्यात. आईनं आपलं पातेलं कडब्याच्या गंजीत खुपसलं. मास्तरांना कळल्यावर ते पोट धरून हसले आणि दारोदार जाऊन समजावू लागले. आई म्हणाली, "मास्तर, तुमचं खरं आसंल. पन उद्या सरकारनं पातेलं नेलं तर तुमी दुसरं देनार का?" मास्तर पुढच्या दाराला गेले.

अशी ही लढाई. तिचा गोळा आमच्या गावात पडला नाही, पण तिचा हात आमच्या चुलीपर्यंत पोचला. रॉकेल गेलं, मग करंजाच्या तेलाचे दिवे आले. त्यांच्या धुरानं नाकपुड्या काळ्या व्हायच्या. काडेपेटी मिळेना म्हणून सकाळी शेजारून विस्तव मागून आणायचा. लुगडी कंट्रोलची, जाडीभरडी, ती मिळवायलाही नगरला रांगेत उभं राहायचं. भोकाचा पैसा निघाला तेव्हा आम्ही मुलींनी तो दोऱ्यात ओवून गळ्यात घातला. देशात तांब्याची तंगी होती म्हणून पैशाला भोक पाडलं होतं, आणि आम्हाला वाटायचं सरकारला आमची हौस कळली. आम्हाला त्या गरिबीतही फार मजा यायची, हे कबूल करायला हवं. विमान आलं की कोंबड्या डालग्याखाली पळायच्या आणि आम्ही त्याच्यामागं ओढ्यापर्यंत धावायचो.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका बाजारच्या दिवशी नगरला गेले आणि भरतीत नाव देऊन आले. आईला त्यांनी भाकरी खाताना सांगितलं. आईनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि ती करपेपर्यंत बघत बसली. आबा काही इंग्रजाच्या प्रेमानं गेले नव्हते. लागोपाठ दोन सालं पाऊस रुसला होता आणि पलटणीत दोन वेळचं खाऊन घरी काही पाठवता येत होतं, एवढं सरळ ते होतं. पण पुढं बेचाळीसची चळवळ झाली, देशाचे मोठे पुढारी आमच्याच नगरच्या किल्ल्यात कोंडले गेले, आणि बाजाराच्या वाटेवर लोक आईला ऐकवायला लागले, "काय, धनी इंग्रजाच्या चाकरीत का?" किल्ल्यावरून जाताना आई खंदकाकडं बघून हात जोडायची. पण आबांना कुणी बोललेलं तिला खपायचं नाही. "त्येस्नी बोलायचं तर मी हाय की घरात," म्हणायची, "तुमचं काय काम?"

आबांची पत्रं मास्तर वाचून दाखवत. त्यांत लढाई फारशी नसायचीच. बहुतेक सेन्सॉरनं काळी केलेली असायची. वाळू मात्र भरपूर. "इथं रान न्हाई, नुसती वाळू हाय. बैल न्हाईत, उंट हायेत. गाड्या वाळूत फसत्यात. मग जो दिसंल तो हात लावतो, त्येचं गाव इचारत न्हाईत." हे शेवटचं वाक्य आईनं मास्तरांकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

आबा गेले आणि रान कोण पेरणार हा प्रश्न आला. आमचं रान ओढ्यापलीकडं होतं. काळंभोर, पाऊस झाला तर सोनं पिकवणारं. आबांचे थोरले चुलतभाऊ, आमचे नाना, भावकीत वजनदार माणूस. त्यांनी रान आपण कसू म्हणून सांगितलं. आई नाही म्हणाली. "मग काय तू पाभर धरनार?" नानांनी हसत विचारलं. बी पेरायची पाभर बाईनं धरायची नाही, अशी रीत होती. आईनं धरली. शेजारच्या रानातल्या अमीनाबी बैलांपुढं चालल्या, कारण त्यांचाही एकुलता लेक पलटणीत गेला होता आणि म्हातारा नवरा हुसेनचाचा दम्यानं बेजार होता. मी ओटीतून बी देत होते. पेरणीच्या ओळी, म्हणजे तासं, पहिल्या दिवशी इतकी वाकडी पडली की बांधावर उभं राहून बघणाऱ्यांची करमणूक झाली. तिसऱ्या दिवशी बघणारे कमी झाले.

नाना पारावर सगळ्यांदेखत बोलले, "हिनं हे पीक खळ्यात आणून दाखवावं. आनलं तर रान हिच्या हाती, मी तोंड उघडनार न्हाई. न्हाई आनलं तर फुडल्या सालापासनं मी कसनार." आईनं पदर डोक्यावर घेतला आणि लांबूनच म्हणाली, "व्हय." त्या एका शब्दावर आमची सुगी टांगली होती.

आणि काय पीक आलं म्हणता! ज्वारीच्या पोटरीतून कणसं बाहेर पडली तेव्हा आई रानाकडं नजर भरून बघतसुद्धा नव्हती, दृष्ट लागेल म्हणून. ताटं माणसाच्या वर गेली. ज्या तासांना लोक हसले होते ती तासं आता कुणाला दिसत नव्हती. हुरड्याच्या दिवसात मी आणि अमीनाबी आगटीजवळ बसून कणसं भाजायचो, आणि आई मधेच उठून बांधाच्या कडेनं एक चक्कर मारून यायची. तिच्या पायात तेव्हा कसली तरी वेगळीच ऐट होती. अजून ती चाल मला डोळे मिटले की दिसते.

ज्वारी पिकत आली आणि दवंडी आली. शिवरात्र झाली की ओढ्यापलीकडच्या रानांत पलटणीची लाल निशाणं लागणार, रणगाडे पळवायचा सराव होणार, माणूस-जनावर तिकडं दिसता कामा नये. पलीकडं जी चार-सहा रानं होती त्यांची धांदल उडाली. काहींची ज्वारी आगाप, लवकर पेरलेली होती, अमीनाबींचीही; ती निघाली. आमची पेरणी मागास, शिकाऊ हातांची. ती शिवरात्रीच्या तोंडावरच पिकणार होती. काढायला माणसं कुठली? तरणे पलटणीत, आणि उरलेले नगरला मिलिटरीच्या बराकी बांधायच्या कामावर, कारण तिथं रोख मजुरी मिळे.

अशा वेळेला आमच्याकडं इर्जिक घालतात. अडलेल्यानं गावाला हाक द्यायची, गावानं एक दिवस त्याच्या रानात राबायचं, त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. पैशाचं नाव काढायचं नाही. मात्र इर्जिक फेडायची असते. आज तुम्ही माझ्या रानात आलात, उद्या तुमच्या हाकेला मी आलोच पाहिजे. आईनं घरोघर जाऊन हाक दिली. नानांनी पारावर बसून एवढंच म्हटलं, "बाईनं घातलेल्या इर्जिकीला बाप्यं कवापासनं जायला लागले?" झालं. जो तो "बघू की वैनी" म्हणाला आणि बघण्यापलीकडं कुणी काही केलं नाही. आई घरी आली ती जात्यावर बसली आणि दळण संपलं तरी जातं फिरवत राहिली.

त्यात अवकाळी पाऊस झाला. विजा कडाडून चांगला झोडपून गेला. ज्वारी आडवी झाली नाही एवढीच देवाची कृपा, पण आणखी एक असा झाला असता तर दाणा काळा पडला असता. सकाळी आई, अमीनाबी आणि मी रान बघायला निघालो तर ओढ्यात ही गर्दी. पलटणीचा एक ट्रक उताराच्या चिखलात बसला होता. त्याला काढायला दुसरा आला होता, तोही पहिल्याच्या शेजारी बसला होता. आमची काळी माती ओली झाली की काय करते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. चाक फिरवावं तितकं खोल. खाकीतली माणसं कमरेपर्यंत चिखलानं माखून ढकलत होती, एक लालबुंद साहेब काठावर ओरडत होता, आणि अलीकडच्या काठावर आमचं गाव उभं राहून मजा बघत होतं. नानाही होते.

एक पोरगेलासा शिपाई चाकाखाली दगड सारत होता. चिखल तोंडावर उडाला की बाहीनं पुसायचा, की आणखी माखायचा. आई त्याच्याकडं बघत राहिली.

"बैल आना," ती म्हणाली.

नाना म्हणाले, "मिलिटरीच्या भानगडीत पडू नको. उलट्या काठीचा मार खाशील."

"तिकडं वाळूत ह्यांची गाडी फसल्यावर कोन तरी हात लावतच आसंल की," आई म्हणाली. "त्येनं काय ह्यांचं गाव इचारलं?" आणि वळून तिनं माझ्यावर आवाज टाकला, "उबी काय ऱ्हायलीस? मोटंचा नाडा आन जा!"

आमची एक जोडी आणि अमीनाबींची एक. त्या जोड्या जुंपायला लागल्यावर गावातल्यांना काठावर उभं राहवेना. माणूस मजा बघायला कितीही टपलेला असो, बैल जुंपलेले दिसले की कुणबी गप्प बसत नाही. एकेक करत जोड्या आल्या. विहिरीवरचे मोटांचे नाडे जोडले, गाठी मारल्या, चाकांपुढं तुरीच्या काटक्या आणि पाचट घातलं. मग जी आरोळी उठली! मागून शिपाई त्यांच्या बोलीत ओरडत होते, पुढून आम्ही आमच्या. बैलांचे गुडघे चिखलात, पाठी ताणलेल्या. पहिल्यांदा नाडा तुटला. दुसऱ्यांदा ट्रक हलला, थांबला, आणि मग मोठा आवाज करून चिखलानं तो सोडला. मी नाचले. आईसुद्धा शिपायांदेखत मोठ्यानं हसली, जे तिनं आयुष्यात फारसं केलं नव्हतं.

दोन्ही गाड्या वर आल्यावर साहेबानं खिशातून नोटा काढल्या आणि आईपुढं धरल्या, कारण हुकूम कोण देत होतं हे त्यालाही दिसलं होतं. आई मागं सरकली. "पैसं न्हाई घ्यायचं. इर्जिक हाय ही."

अमीनाबींना आपल्या दखनीचा भारी अभिमान. त्या पुढं झाल्या. "साब, पैसा नक्को बोलती इने. इर्जिक है बोलती."

साहेबानं शेजारच्या जमादाराला, म्हणजे त्याच्या हाताखालच्या देशी अधिकाऱ्याला, विचारलं, "इर्जिक कौन है? उसको इधर बुलाओ."

अख्खा काठ हसला. नानासुद्धा. जमादार पंजाबाकडचा, मिशा पिकायला लागलेला, उंच माणूस होता. त्यालाही कळलं नव्हतं, पण कुणी माणूस नसावा एवढं त्यानं ओळखलं. "इर्जिक क्या होती है, बीबी?"

अमीनाबींनी कमरेवर हात ठेवले. "आज हमे तुमारे काम को आए. अब तुमे हमारे काम को आना. पेटभर खाना मिलेगा. पैसा लेना नईं, देना नईं."

जमादाराचा चेहराच बदलला. "ये तो हमारे गाँव में भी होता है," तो म्हणाला. "नाम दूसरा है." मग त्यानं ओढ्यापलीकडं उभ्या ज्वारीकडं पाहिलं. त्याची नजर साध्या बघ्याची नव्हती, कुणब्याची होती, हे माझ्यासारख्या लहान पोरीलाही कळलं. "फसल किसकी है?"

"इसकीच," अमीनाबी म्हणाल्या. "मरद इसका लढाई पे है. मेरा बेटा भी. और तुमारे लाल झंडे शिवरात्र के बाद इसी खेत में लगनेवाले."

जमादार साहेबाशी बराच वेळ इंग्रजीत बोलला. साहेब आधी मान हलवत होता, मग त्यानं ट्रककडं पाहिलं, ज्वारीकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, आणि हसला. जमादारानं टाच जुळवून आईला सांगितलं, "इतवार को आएँगे, बहन."

आईनं लगेच हात वर केला. "म्हनावं, जेवून येऊ नका."

इतवारपर्यंत गावाला दुसरा विषय नव्हता. "पलटन येनार म्हनं उपटायला!" असं म्हणून लोक टाळ्या देत. मला शाळेत पोरं सलाम ठोकायची. आई वरून शांत, पण आदल्या दिवशी मोठ्या स्वयंपाकाची वेळ आली तेव्हा अडचण उभी राहिली. एवढ्या माणसांची आमटी करायची कशात? मातीची भांडी पुरेनात. जर्मलचं पातेलं गंजीत होतं. सरकारच्या शिपायांना सरकारच्या दुश्मनाच्या भांड्यात कसं वाढायचं? आईनं विचार केला, पातेलं ओढून काढलं आणि त्याला बाहेरून मातीचा जाड लेप दिला. चुलीवर ठेवायच्या भांड्याला लेप देतातच, पण हा गळ्यापर्यंत, ओळखू येऊ नये असा होता.

आणि इतवारी ते आले. सकाळचं ऊन नुकतं रानावर आलं होतं. ओढ्याच्या उतारावर त्याच दोन गाड्या, या खेपेला पाचट अंथरून नीट पार झालेल्या, आणि त्यांतून उड्या मारणारे शिपाई. शीख होते, राजपूत होते, मुसलमान होते, दूरच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं सगळी. दोन वर्षं लोखंड आणि डिझेल यांच्यात राहिलेली. रानात शिरल्या शिरल्या एकानं मूठभर माती उचलून वास घेतला. जमादारानं बूट काढून बांधावर ठेवले, ते बघून सगळ्यांनी काढले. कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांना ज्वारी उपटायची कला काही येत नव्हती. त्यांच्याकडं विळ्यानं कापतात. आमच्याकडं ताट बुडाशी धरायचं, कमरेतून हिसका द्यायचा, मुळासकट बाहेर, माती झटकायची आणि आडवं टाकायचं. नुसत्या हाताच्या जोरावर ओढलं की माणूस पाठीवर पडतो. पहिल्या पातीला, वाटून घेतलेल्या पहिल्या पट्ट्यालाच, शिपाई धडाधड पाठीवर पडले. आईनं पात धरून दाखवली. मग अमीनाबींनी. मग मी, नऊ-दहा वर्षांची. मी उपटलेलं ताट माझ्या दुप्पट होतं. शिपाई "शाबाश" म्हणून ओरडले तेव्हा मला वाटलं मीच लढाई जिंकली. अवकाळीनं माती मऊ झाली होती, ज्या पावसाला आम्ही शिव्या दिल्या होत्या त्यानंच ताटं सुटी करून ठेवली होती.

दोन पाती होईपर्यंत गावातल्या बायका आल्या. खाकी कपडे आपल्या ज्वारीत वाकलेले बघून त्यांना राहवलं नाही. मग बायका आणि पलटण यांची लागली. पदर खोचलेले, भलरी सुरू झालेली, आणि तिकडून त्यांचं त्यांच्या गावाचं गाणं. दोन्ही गाण्यांचा ठेका कुठंतरी जुळत होता, कारण वाकायचं आणि उठायचं तर सगळ्या मुलखात सारखंच असतं. बायका जिंकल्या. प्रत्येक पातीला जिंकल्या. दुपारनंतर गावातले बाप्येही एकेक करत रानात उतरले. बाईच्या इर्जिकीला जायचं नाही हे ठीक, पण परमुलखातले शिपाई राबतात आणि आपण बांधावर, हे त्यांना पचेना. नाना तेवढे काठावरच्या बाभळीखाली बसून राहिले.

जेवण बांधावरच झालं. बाजरीच्या भाकरी, आमटी, कांदा. जमादार पातेल्याजवळ बसला होता आणि आमटी घेताना त्याचा चमचा काठाच्या बाहेरच्या बाजूला खरडला गेला. मातीचा लेप गळून पडला, आतली चकाकी दिसली. आईचा चेहरा पांढरा पडला. अमीनाबींनी सावरायला म्हणून जे सांगितलं त्यानं सगळंच उघडं पडलं. "साब, ये जर्मन है, मगर पुराना है. लढाई के पहले का." जमादाराला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो इतका हसला की भाकरी बाजूला ठेवावी लागली. मग उठून उभा राहिला, पातेल्याला कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "जर्मन पकड़ा गया! अब इसको खाली करो!" शिपायांनी ते तळापर्यंत खाली केलं.

दिवस कलायच्या आत रान मोकळं झालं. पेंढ्या त्यांच्याच ट्रकांत भरून ओढ्यापार आमच्या खळ्यावर आल्या. आई पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसली होती. आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत, पाठीमागं आपली ज्वारी. गावात शिरताना ती समोर बघत होती, पण तिनं एक हात बाहेर ठेवला होता, सगळ्यांना दिसावा असा.

मला पुढं पुष्कळ वेळा वाटलं आहे की त्या शिपायांचं पुढं काय झालं. शिवरात्रीनंतर निशाणं लागली, रणगाडे आमच्या मोकळ्या रानातून गडगडत गेले, आणि एक दिवस ती पलटणही गेली. कुणी ब्रह्मदेशात म्हणालं, कुणी इटलीत. लढाईच्या इतिहासात सेनापतींची नावं असतात. मी शाळेत मास्तरीण झाले तेव्हा ती मुलांकडून पाठही करून घेतली. पण मला विचाराल तर जगभर माणसं एकमेकांवर गोळ्या झाडत होती त्या काळात आमच्या ओढ्याकाठी एका दिवसापुरती माणसांनी लढाईवर मात केली होती, आणि ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. अमीनाबींचा लेक परत आला. आबाही आले, एका कानानं बहिरे होऊन. आल्यावर दुसऱ्या दिवशी ते रानात गेले, बांधावर बसून आईची तासं बघितली आणि म्हणाले, "माझ्यापरीस सरळ हायेत." त्यानंतर पाभर आईच्याच हातात राहिली.

पण या सुगीचा शेवट आबा यायच्या बराच आधी झाला, खळ्यावर.

मळणी झाली, उपणणी झाली आणि मोत्यासारख्या ज्वारीची रास पडली. आमच्याकडं रास मोजायला घरचा कर्ता पुरुष बसतो. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात, आणि तो शब्द कर्त्याच्याच तोंडून निघायचा असतो. त्याच्या आधी कुणी बोलायचं नाही. कर्ता घरी नसला तर भावकीतला वडीलधारा बसतो. म्हणून नाना आले. स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, हातात पायलीचं माप. खळ्याबाहेर जोडे काढून ते राशीपाशी उगवतीला तोंड करून बसले. भोवती गाव जमलेलं. आई बाजूला, पदर डोक्यावर घेऊन उभी.

नानांनी राशीला हळदकुंकू वाहिलं, पायली ज्वारीत खुपसली, काठोकाठ भरून वर उचलली. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. नाना काही बोलेनात. ज्वारीचे दोन-चार दाणे मापावरून खाली ओघळले. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि भरलेली पायली आईपुढं धरली.

"घे. ह्यो सबूद तुझा हाय."

आईनं माप घेतलं. नाना बसले होते तिथं ती बसली, उगवतीला तोंड करून. तिनं मान वर केली आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!"

नानांनी खाली वाकून दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड तिच्यापुढं उघडं धरलं.